आईबद्दल बोला, म्हणाली ती

आमच्या वसईतल्या सांडोरच्या घरात इंग्रजी शिरलं ते रोझरीच्या प्रार्थनेमागून. मला नर्स म्हणून आयर्लंडला जायचं होतं. बरोबरीच्या मुली एकेक करून निघाल्या होत्या आणि माझं घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेपाशी. लिहिणं-वाचणं ठीक होतं, पण बोलण्यात गुण कमी पडले की संपलं सगळं. स्टेशनजवळच्या क्लासचे सर बजावायचे, “साधे शब्द वापराल तर साधेच मार्क मिळतील. व्याख्या पाठ करा, समानार्थी शब्द पाठ करा, जड शब्द तोंडात बसवा.” बसवले हो, चांगले घट्ट बसवले!

पण बसवायचे कधी? दिवसभर ड्युटी, आणि घरी आलं की वाडीतल्या मेथी-मुळ्याच्या जुड्या बांधायला माझे हात हवेच. शेवटी आईनंच तोडगा काढला. आमच्याकडे संध्याकाळी सगळं घर अल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, बसून रोझरी म्हणतं. एकानं प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला अर्धा. पहिला भाग नेहमी आईकडे. ती म्हणाली, “रोझरी संपली की कोनी उठायचं नाय. हिचे शब्द पन असेच घोकू. देवाच्या कानावर पडले तर बिघडलं कुठं?”

आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला पुस्तकातल्या व्याख्या देवनागरीत लिहून दिल्या. ती चष्मा सावरून सूर लावायची, “वन हू इज गुड टू अदर्स,” आणि आम्ही सगळे त्याच सुरात, “बेनेव्हलंट, काइंड, जेनरस, चॅरिटेबल.” पप्पा पेंगत पेंगत ‘मॅग्नॅनिमस’ म्हणायचे. भाऊ चिडवायचा, “तू राहा इथं, पप्पांनाच पाठवू आयर्लंडला.” एकदा शेजारची म्हातारी मावशी आली, काहीतरी नवीन प्रार्थना असेल असं समजून गुडघ्यावर बसली आणि शेवटी मोठ्या भक्तीनं ‘आमेन’ म्हणाली. हसून हसून मुरकुंडी वळली आमची. पण शब्द चढत होते. भांडी घासतानासुद्धा ते त्या सुरात आपोआप ओठांवर यायचे.

परीक्षा अंधेरीला होती. बोलण्याच्या भागाला समोर एक शांत चेहऱ्याची बाई बसलेली. तिनं एक कार्ड पुढे केलं. तुमच्या आयुष्यात जिचा मोठा वाटा आहे अशा व्यक्तीबद्दल बोला. म्हटलं, हे तर घरचंच आलं! आईबद्दल बोलते म्हणाले. बाई हसून म्हणाली, “हो, आईबद्दल बोला.”

आणि मी सुरू केलं. माझी आई बेनेव्हलंट आहे, काइंड आहे, जेनरस आहे, चॅरिटेबल आहे. अगदी रोझरीच्या सुरात, कुठं अडखळले नाही. आणि थांबले. माझा अर्धा भाग म्हणून झाला होता, आता आईकडून यायची तशी समोरून पुढची व्याख्या यायची होती. देवाशपथ सांगते, मी खरंच वाट बघत बसले. बाईही वाट बघत बसली. मग तिनं हळूच विचारलं, “आणखी काही सांगाल?” मी पुढची ओळ म्हटली. इंडस्ट्रियस, हार्डवर्किंग, डिलिजंट. पुन्हा थांबले. तिनं घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा कुठं मला कळलं की ही काही म्हणणार नाही, सगळं मलाच बोलायचंय. आणि तेव्हा नेमकी दातखीळ बसली.

जायचं राहिलं ते राहिलंच. त्या वेळची भरती संपली, पुढे लग्न झालं, मुलं झाली, आणि मी इथंच वसईत नोकरी करतेय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त जिवाला लागतं ते वेगळंच. तुझ्या आईबद्दल सांग, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. एका परक्या बाईनं विचारलं, ऐकायला कान देऊन बसली, आणि माझ्या तोंडून आईबद्दलची एकही गोष्ट निघाली नाही.

त्या दिवशी घरी पोचले तर आई दारातच उभी. “काय विचारलं?”

“तुझ्याबद्दल विचारलं.”

“माझ्याबद्दल?” तिनं पदरानं तोंड पुसलं, जणू कुणी फोटो काढणार होतं. “मग तू काय सांगितलंस?”

“सगळं सांगितलं.”

“ते पन? तू बावखलात पडलीस, मला पोहता येत नव्हतं, तरी तुझ्यामागं पान्यात उडी घातली ते?”

“ते पण.”

“आनि तुला नर्सिंगला पाठवायला तुझे काका आडवे आले, तेव्हा तुझ्या पप्पांनी हो म्हनेपर्यंत मी घरात भात शिजवला नाय, ते?”

“हो गं आई, ते पण.”

ती लाजली. “ते कशाला सांगायचं बाहेरच्यांना,” म्हणाली, पण संध्याकाळभर खुशीत होती.

निकाल आला तेव्हा ती अंगणात केळीचे लोंगर धूत होती. बोलण्यात कमी पडले, असं मी सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना. मग हातातला पाइप तिनं खाली टाकला.

“एवढं सगळं सांगितलंस माझं,” ती म्हणाली, “आनि ते ऐकून पन त्या बाईनं तुला नापास केलं?”