लाईन कुठे अडली ते बघू

सुधीरभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. त्यांच्या मिसेस, मीनाताई, एवढंच म्हणाल्या, "क्लासमध्ये शिकवता शिकवता खाली बसले गं…" त्याला आता महिना होत आला, तरी मला अजून ते पटलेलं नाही आणि रागही गेलेला नाही. इतक्या शांत माणसाचं हृदय असं धसमुसळेपणानं थांबावं?

भाऊजी माझ्या नवऱ्याचे, अनिलचे, कॉलेजपासूनचे मित्र. ठाण्यात त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. अनिल मस्कतकडच्या साइटवर गेला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आणि फोनच्या लाईनवर चालणारा मोडेम त्यांनीच बसवून दिला. साइट पार वाळवंटात, तिथून घरी फोन करता यायचा नाही. साइटच्या ऑफिसातून ईमेल मात्र यायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अनिलच्या सहकाऱ्याचा शहरातून फोन आला. "अपेंडिक्स फुटलंय, ऑपरेशनला आत घेतलंय. संध्याकाळी मेल टाकतो," एवढं बोलेपर्यंत लाईन कट. संध्याकाळी मी मेल बघायला बसले, तर लाईन लागतच नव्हती. मोडेम किंचाळायचा, खरखरायचा आणि मेला मध्येच गप्प व्हायचा. मी भाऊजींना फोन केला, आणि ते क्लास सोडून आले.

आल्यावर त्यांनी आधी माझा हात बाजूला केला. "परत परत बटण दाबून काही होत नाही, वहिनी. कुठे अडलंय ते बघू." मला इतकी चीड आली! इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि हा माणूस रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकतोय, वायर हलवून बघतोय. मग मोडेमचे आवाज ऐकत स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "नंबर लागतोय. समोरून उचलतायत. पासवर्डही घेतायत. आणि नंतर तुटतंय… म्हणजे गडबड तिकडे नाही, इथेच आहे."

ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले. तिथे आमचा दुसरा फोन होता, त्याच लाईनवरचा. सासूबाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या.

"आई, काय ऐकताय?"

"अनिलचा फोन आला आणि परत गेला तर? म्हणून मधूनमधून बघत्ये रे. आत कुणी बोलतच नाही, नुसती खरखर…"

त्या रिसीव्हर उचलायच्या आणि इकडे कनेक्शन तुटायचं. मी ओरडणारच होते. भाऊजींनी मला हातानंच थांबवलं, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि आईंना धरून बाहेर आणलं. "इथे माझ्याजवळ बसा. अनिल आला तर इथूनच येणार."

या वेळी लाईन टिकली. पत्र उतरलं तसे ते उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. "तुमचं पत्र आहे, वहिनी. तुम्ही वाचा." ऑपरेशन नीट झालं होतं. मी मोठ्यानं वाचलं, आई रडायला लागल्या. भाऊजी वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. आल्यापासून तेही माझ्याइतकेच घाबरलेले होते, आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नव्हता.

अनिल बरा झाला आणि पुन्हा साइटवर रुजू झाला. त्यामुळे भाऊजी गेल्याचं त्याला मेलनंच कळवावं लागणार होतं. चार ओळी लिहायला मला अख्खी दुपार लागली. बटण दाबताना वाटत होतं, आज लागूच नये, आज तरी तुटू दे. एरवी दहादा रडवणारी लाईन त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागली. माझं पत्र गेलं. आणि त्याच वेळी तिकडून अनिलचं, आदल्या दिवशी लिहिलेलं पत्र आत आलं.

"पुढच्या महिन्यात रजा मिळत्ये. सुधीरला विचारून ठेव, त्याच्यासाठी काय आणू."