आत्याचं नाव, पान बारा

विद्यापीठात वाळलेल्या झाडांची एक खोली होती. लाकडी कपाटं, कपाटांत जाड पांढरे ताव, तावांवर चिकटवलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीखाली एक चिठ्ठी. चिकटवण्याचं ते काम बावीस वर्षं एकाच बाईच्या हाती होतं. सगळे तिला डिंकताई म्हणत. मोहरीएवढं फूलसुद्धा तिच्या बोटांखाली पाकळी न मोडता कागदावर निजायचं.

ती आमच्या डोंगराकडची. रंगाने काळी, आणि आमचा रंग शहरात आमच्याआधी खोलीत शिरतो. विभागप्रमुख तिचं कौतुक करायचे, पण त्यालाही काटा असायचा. या लोकांचे हात सोन्याचे, म्हणायचे, डोकं मात्र देवाने घाईत केलंय. डिंकताई हसायची आणि काम संपलं की संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसायची. एक पदवी झाली, दुसरी झाली. संशोधनाचा अर्ज घेऊन गेली तेव्हा कारकुनाने विचारलं, कुठल्या मॅडमनी पाठवलंय?

तिला विषय सापडला तो एका जुन्या चिठ्ठीवर. आमच्याकडच्या निळ्या फुलांच्या एका झुडपाखाली कुणा पंडिताने लिहून ठेवलं होतं, 'डोंगरी लोक यात थोरली आणि धाकटी असे दोन प्रकार मानतात. अडाणी समजूत.' ती लहान असताना आत्याने तिला हेच शिकवलं होतं. थोरली दुपारी मिटते, धाकटी मिटत नाही. वाळल्यावर दोघी सारख्या दिसतात, आणि पंडितांनी वाळलेल्याच पाहिल्या होत्या.

पाच वर्षं ती राबली. वाळकी फुलं गरम पाण्यात भिजवायची, मऊ झाली की भिंगाखाली उघडायची. थोरलीच्या पाकळीच्या बुडाशी बारीक केसांचं कडं निघालं, धाकटीच्या नाही. प्रबंध लिहून झाला. पान बारावर, माहिती कुणाकडून मिळाली तिथे, पहिलं नाव आत्याचं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. दारात तिला पाहून म्हणाले, चहा मागाहून आणा, आधी उमेदवाराला बोलवा. ती म्हणाली, मीच ती. परीक्षक ओशाळले, आणि ओशाळलेला माणूस रागावलेल्यापेक्षा महाग पडतो. दोन तास त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. एक उत्तर चुकेना. शेवटी त्यांचं बोट पान बारावर थांबलं.

"या कोण?"

"माझी आत्या."

"शिक्षण?"

"अंगठा करते."

"मग हे नाव काढा. नुसतं 'स्थानिक समजूत' लिहा. मी आत्ता सही करतो."

विभागप्रमुख तिला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण बाई. पन्नाशी जवळ आली होती. प्रबंध परत गेला तर पुन्हा कधी वर येईल, याचा भरवसा नव्हता.

"सर, मी चिकटवणारी बाई आहे," ती सावकाश म्हणाली. "नीट चिकटलेलं काढायला गेलं की कागद फाटतो."

प्रबंध परत गेला. आठ महिने लोंबकळला. ती रोज कामाला येत होती, डिंक कालवत होती, कुणाकडे कुरकुर नाही. मग दुसऱ्या परीक्षक नेमल्या गेल्या, एक म्हाताऱ्या बाई. त्यांनी प्रश्न थोडेच विचारले. स्वतः फुलं भिजवली, भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसल्या आणि उठून लिहिलं, झाडं दोन आहेत, प्रबंध आहे तसा मान्य.

डिंकताई प्रबंध घेऊन घरी आली. पान बारा उघडून तिने आत्याचं बोट आत्याच्या नावावर ठेवलं आणि त्या नावापायी काय काय झालं ते सांगितलं. आत्याने बोट अक्षरांवरून दोनदा फिरवलं.

"एवढ्यासाठी आठ महिने? अगं, थोरली कुठली नि धाकटी कुठली, हे शेळ्यांनाही कळतं. थोरलीला त्या तोंड लावत नाहीत."

डिंकताईने पिशवीत हात घालून पेन शोधलं. "हे मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलंस कुठे?"