अकरा नंबरची चिठ्ठी

नागपुरात बसून मी पुण्याचे घोडे सांगत असे. रेसचा घोडा मी तोवर डोळ्यांनी पाहिला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही. माझ्या पाहण्यातले घोडे म्हणजे स्टेशनवरच्या टांग्यांचे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. तरी शनिवारी सकाळी कचेऱ्यांतले बाबू, वकील आणि इतवारीतले दुकानदार माझं भाकीत पैसे मोजून विकत घेत. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं. बाबूंचा सुकाळ होता, आणि फायलीखाली दडवायला बाबूला काहीतरी लागतंच.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. मॅट्रिक झालेलो, इंग्रजी बरं होतं. बर्डीवरच्या बाजारपेठेत एकाचं सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. पुढे सायकली, मागच्या खोलीत रेसचा सट्टा. त्या दुकानदाराने मला हेरलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मुंबईच्या इंग्रजी पेपरातलं रेसचं पान वाचल्याशिवाय त्याचा धंदा चालत नव्हता. पगाराला हातभार म्हणून मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं, आणि इथेच सगळी माती झाली.

शुक्रवारी सकाळी मेलने पेपर यायचा. स्टेशनवरून तो घेऊन मी छापखान्यात जायचो आणि जेवणाच्या सुट्टीत रद्दी मुद्रितांच्या पाठीवर रकाने आखायचो. कोणत्या घोड्यावर किती वजन, मागच्या शर्यतीत किती होतं, अंतर किती, जॉकी कोण, सकाळच्या रपेटीत घोडा कसा पळाला. चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन लादतात, म्हणजे सगळे एका मापात येतात. नवख्याला वाटतं, जास्त वजन म्हणजे घोडा दमदार. मी उलटा विचार करायचो. गेल्या खेपेला जड वजन घेऊन थोडक्यात हरलेला, या खेपेला हलका झालेला, आणि पावसाने मऊ पडलेल्या जमिनीवर आधी पळालेला घोडा मी शोधायचो. पुष्कळदा तो जिंकायचाही. मुद्रितातली चूक सापडल्यावर जो आनंद होतो, तोच मला व्हायचा. कोणी पाठ थोपटायला नव्हतं, तर मीच माझी थोपटून घ्यायचो.

पण माझा घोडा सगळ्यांच्या हाती पडत नसे. दुकानदाराची रीत वेगळी होती. मोठ्या शर्यतीसाठी तो चार घोडे निवडायला लावायचा. एकेका कागदावर एकेकच नंबर, बंद पाकिटात. चौघांना चार वेगळे. बहुतेकदा एक जण जिंकायचाच. तो हार घेऊन यायचा, सगळ्या बाजारात सांगत सुटायचा. बाकीचे तिघे जॉकीला शिव्या घालून पुढच्या शनिवारी परत यायचे. शेजारीशेजारी बसणाऱ्या गिऱ्हाइकांना एकच नंबर जाईल याची तो काळजी घ्यायचा, म्हणजे कोणी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या तरी त्या जुळाव्यात. मी सुरुवातीला कुरकुर केली. तो म्हणाला, "तुमची हुशारी एक घोडा सांगते मास्तर. धंद्याले चार लागतात."

मी मास्तर नव्हतो, पण तो म्हणायचा आणि मला बरं वाटायचं. चिठ्ठ्या मीच लिहायचो. त्याचं अक्षर भिकार होतं, माझं मोत्यासारखं. एक अट मात्र मी घातली होती. आमच्या मोहल्ल्यात एकही पाकीट विकायचं नाही. तो कबूल झाला आणि त्याने शब्द पाळला. ते पाप त्याच्या माथ्यावर टाकता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

आम्ही विणकर. माझ्या थोरल्या भावाचा हातमाग पुढच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून तो बसायचा आणि रेशीमकाठी लुगडी विणायचा. त्याने चौथीतून शाळा सोडली ती मला शिकता यावं म्हणून. माझी मॅट्रिकची फी त्या मागातून निघाली. हे त्याने मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सूत व्यापाऱ्याचं, रेशीम व्यापाऱ्याचं, विणून झालं की लुगडंही व्यापाऱ्याचं, याच्या हाती फक्त मजुरी. एकदा तरी स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं लुगडं विणायचं आणि आपण ठरवू त्या भावाने विकायचं, एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं.

त्याने मला एकदाच विचारलं होतं. मी अंगणात दाढी करत होतो. तो म्हणाला, "लोक म्हणून राहिले, तू घोडे बरोबर सांगते. मले एखादा सांगशीन काय गा?"

मी म्हटलं, "घरच्यांना मी सांगत नाही दादा. माझा नेम आहे."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं की दादा, तिथे चार चिठ्ठ्या असतात आणि तीन खोट्या असतात. एवढंच वाक्य होतं. पण ज्याने आपल्याला शिकवलं त्याच्यासमोर आपली विद्या कशासाठी वापरतो हे कसं सांगणार? मी साबण धुऊन टाकला आणि कामावर गेलो. त्याला वाटलं, भाऊ तत्त्वाचा माणूस आहे.

भाद्रपदातला शनिवार होता. पुण्याला मोसमातली एक मोठी शर्यत होती. शुक्रवारची अख्खी रात्र जागून मी अभ्यास केला होता. माझा घोडा सात नंबरचा. वजन हलकं, जमीन ओली, आणि तसल्या जमिनीवर तो आधी दोनदा जिंकलेला. दोन आणि पाच हे लोकांचे आवडते, ते चिठ्ठ्यांत घातलेच. चौथा कोणता घालू असं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "कोणताही लांबचा घाला. लागला तर एकाचे दहा भेटतात, त्याचंबी गिऱ्हाईक असते." मी अकरा लिहिला. त्या अकराला मी पाहिलंच नव्हतं म्हणायला हरकत नाही. रकान्यात त्याच्यापुढे फुली होती.

दुपारी एकच्या सुमाराला मी जेवायला घरी आलो. पुढच्या खोलीत शिरलो तर खोली मोठी झालेली. माग नव्हता. खड्ड्यावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, धुतलेला सदरा घालून.

वहिनी चुलीजवळून म्हणाली, "विकला भाऊजी. उमरेडवाले सकाळीच खोलून घेऊन गेले. मी लय सांगतलं, ऐकलं नाई."

मी भावाकडे पाहिलं. त्याने खिशातून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. अकरा. माझ्या अक्षरात.

तो म्हणाला, "बर्डीवर जाऊन घेतली. तू सांगत नाई ते बरोबरच हाय, तुहा नेम हाय. पण अक्षर पाहिलं आन् समजलो, हे तुहंच. लुगडं हातात आलं की मी सांगतो कोणाच्या मागावरचं हाय. हात लपत नाई गा. आन् तुहा हात खोटं लिहीन काय?"

आमच्या मोहल्ल्यात हे सगळेच मानायचे. कापडावर नाव नसतं, पण काठ कोणी धरला, ठोका कोणी मारला, ते जुन्या माणसांना बोटांनी कळायचं. वाईट कापड चांगल्या हातून निघत नाही, यावर त्यांची हयात गेली होती. ती समजूत त्याने कागदाला लावली. बाबूने तसं केलं नसतं, वकिलाने चार चिठ्ठ्या मागवून ताडल्या असत्या. विणकरानेच हे करावं.

"मागाचं सारंच लावलं. लागलं का मागबी घेऊ आन् सूतबी आपलं," तो म्हणाला. "तीन वाजेपर्यंत नंबर बदलता येते म्हणे. मी म्हटलं, बदलायचं काहून? तू बोलू नको. तुहा नेम मोडू नको. बस आन् जेव."

बर्डी घरापासून चालत अर्ध्या तासावर. माझ्याकडे सायकल होती. दोन तास हातात होते. दोन तास पुष्कळ झाले. मला फक्त म्हणायचं होतं, दादा, नंबर सात कर.

आणि मग तो विचारणार, अकरा काहून लिहिला?

मी पाटावर बसलो. वहिनीने भाकरी वाढली, झुणका वाढला. मनात मी जे जे केलं ते आज लिहिताना किळस येते. मी म्हटलं, अकरालाही चार पाय आहेत. म्हटलं, पाऊस जास्त झाला तर काहीही होतं. म्हटलं, सात तरी कशावरून येतो, मी काय देव आहे? नंबर बदलला आणि नेमका अकरा आला तर? हो, हेसुद्धा म्हटलं. जो घोडा मी रकान्यात फुली मारून बाजूला टाकला होता, त्याची वकिली मी घासागणिक करत होतो. भाऊ समोर बसून माझ्याकडे पाहत होता, आणि हसत होता. त्याला वाटत होतं, मी गप्प आहे तो नेमापायी.

जेवून मी हात धुतले आणि सायकल काढली. छापखान्यात जाऊन एक लग्नपत्रिका तपासली. तिच्यात तीन चुका सापडल्या.

सहाच्या आत ट्रंककॉल आला. मी दुकानात होतो. सात पहिला आला होता, सहज. पाच दुसरा. अकरा कुठे होता ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. थोड्याच वेळात एक जण पेढे घेऊन आला आणि त्याने माझ्या गळ्यात हार घातला. दुकानदार म्हणाला, "मास्तरांचा हात म्हणजे हात." मी तो हार नाल्यात टाकून घरी गेलो.

भावाला कळलेलं होतं. तो फळ्यांवर बसला होता, ज्या खड्ड्यात वीस वर्षं पाय सोडून बसला त्याच्यावर. मला पाहून उठला. मला वाटलं मारेल. तो म्हणाला, "जाऊ दे गा. जॉकीनं घात केला असन. त्यात तुही काय चूक?"

आणि माझीच पाठ थोपटली.

सोमवारी तो इतवारीत गेला. रोजच्या सवयीने सूतबाजाराकडे पाय वळले असतील. तिथे एक शिंपी आपली जिंकलेली चिठ्ठी चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवत होता. भावाने ती हातात घेतली. सात. तेच अक्षर. त्याने शिंप्याला काय सांगितलं कोण जाणे, पण चिठ्ठी मागून घेतली आणि तडक छापखान्यात आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिथे आला होता. खिळे जुळवणारे लोक मान वर करून पाहायला लागले. त्याने माझ्या टेबलावर दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.

"दोन्ही तुह्याच हातचे," तो म्हणाला.

मग मी सांगितलं. चार चिठ्ठ्या, चार गिऱ्हाइकं, सगळं. मान खाली घालून सांगितलं. तो ओरडला नाही. बराच वेळ कागदांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "एकच सांग. तू जेवून राहिला होता, तवा तुले माहीत होतं काय, का मही चिठ्ठी खोटी हाय? का तुलेबी वाटे, अकरा येईन?"

माझ्या तोंडून गेलं, "मला वाटत होतं अकरा येईल."

त्याने डोळे मिटून मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. दोन्ही कागद त्याने घडी घालून परत खिशात ठेवले, शिंप्याचा शिंप्याला द्यायला.

पुढच्या महिन्यात तो गिरणीत लागला. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर. तिथे सगळ्यांचं कापड सारखंच निघतं. मी घोडे सांगणं सोडलं, पण त्याचं कौतुक नको. माग काही परत आला नाही. वहिनीने मला कधी काही विचारलं नाही. ती चुलीजवळ बसून मला जेवताना पाहत होती, तिला विचारायची गरज नव्हती.

भावाने मात्र हद्द केली. कोणी ती गोष्ट काढली, कोणी म्हणालं की सख्ख्या भावाने बुडवलं, की हा भांडायला उठायचा. माझ्या लग्नाच्या पंगतीत वहिनीच्या भावाने टोमणा मारला, तेव्हा भर पंगतीत भाऊ उभा राहिला. म्हणाला, "त्याले माहीत नव्हतं. माह्या भावाले माहीत असतं ना, तर त्यानं तोंडातला घास टाकून देल्ला असता."

त्या दुपारी मी तीन भाकरी खाल्ल्या होत्या, आणि वर वहिनीकडे ताक मागितलं होतं.