तापानंतर मुक्कामाला राहिलेली डोकेदुखी आणि आमची नाशिकची फेरी

व्हायरल ताप उतरून कितीतरी महिने झाले, तरी यांचं डोकं दुखायचं थांबेना. हे मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारतात. ज्यांच्या आवाजाने अख्खं आवार हलायचं, त्यांना घरात ताटली पडलेली सोसेना. शिट्टी नको म्हणून मी कुकर बंद करून डाळ पातेल्यात शिजवू लागले. गॅस जास्त जातो, तो मी हिशेबात 'औषध' म्हणून लिहिते. मग हे बोलेनासेच झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, "अहो, नाशिकला जाऊ."

"डोकं दुखण्यापायी एवढा खर्च?" म्हणाले, पण पिशवी त्यांनीच काढली.

असं दुखणं घेऊन निघणार असाल तर आमच्या नामपूरहून सकाळची पहिली एसटी धरा, ऊन चढायच्या आत भावडबारीचा घाट पार होतो. चाकावरची सीट नको, फार हादरते. काळा चष्मा आणि कानात कापूस हवाच, आणि उपाशी निघू नका. सटाण्याला आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत.

नाशकात द्वारका चौकात उतरलो तर हॉर्नचा नुसता कालवा. यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात हात धरण्याची ही पहिलीच वेळ. नाशिक रोडपर्यंत शेअर रिक्षा केली, पुढे दुसरी. देवळाली कॅम्पात माझी धाकटी बहीण राहते, म्हणून लॉजचा खर्च नाही.

"दाजी, चष्म्यात हिरो दिसताय!" ती दारातच म्हणाली.

"हिरोचं डोकं फुटतंय. आधी चहा टाक."

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आमच्याकडे नवऱ्याचं दुखणं बायकोच सांगते, तो फक्त जीभ दाखवतो. तशी मी सगळं सांगत सुटले. बाईंनी ऐकून घेतलं, मग यांच्याकडे वळून विचारलं, "झोप लागते का? रडू येतं? जगणं नकोसं वाटतं का कधी?"

"छे छे, तसलं काही नाही हो!" मीच बोलले.

यांनी मान खाली घातली. त्या मानेकडे बघून कळलं, माझ्यासमोर हे बोलणार नाहीत. "मी बाहेर बसते," म्हणत उठले आणि बाकड्यावर नामस्मरण करत बसले. दारामागून यांचा आवाज येत होता, हळू, पण थांबत नव्हता. शब्द कळत नव्हते. मी कान दिला नाही.

मग मला आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "तापानंतर काहींचं डोकं असं बरेच महिने दुखतं, आणि मनही खचतं. दोन्ही खरंच असतं. हे वेड नाही. औषध देते. कामाला थोडं थोडं लागा. फार नकोसं वाटलं तर एकटे राहू नका, लगेच या."

तिथून पंचवटीला गेलो. देवळाच्या पायरीवर हे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कधी कधी वाटतं सकाळ उजाडूच नये."

"मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"मग आता घाबरलेच की!"

"दोघं मिळून घाबरू," म्हणाले आणि किती दिवसांनी हसले.

आत शिरताना सवयीने माझा हात घंटेकडे गेला, पण नुसताच टेकवला. मागची बाई म्हणाली, "मावशी, वाजवा की. देवाला कळणार कसं?"

"यांचं डोकं दुखतं. देवाला माहीत आहे."

तिनेही घंटेला नुसता हात लावला आणि पुढे गेली.

घरी येऊन आता काही आठवडे झालेत. डोकं अजून दुखतं, पण रोज नाही. हे सकाळी मार्केटात जाऊन वजनाच्या पावत्या बघतात, पुकारत मात्र नाहीत. काल शेजारच्या आप्पांनी ओट्यावरून हाक दिली, "काय भाऊ, डोकं थांबलं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही आप्पा," हे म्हणाले. "मनही उदास असतं. दोन्हीचं औषध चालू आहे."

आप्पांनी ओट्यावर सरकून यांना जागा केली. "बस," म्हणाले आणि आपल्या भावाचं सांगू लागले, "मन्हा भाऊलेबी असंच शे."