आठ नंबरची गंजी

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. आज लिहितोय, कारण माझाच मला संताप येतो, आणि तो गिळता येत नाही.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या, गाड्या तोलायच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी एकट्याने लिहिलं, अन् त्याचा माज होता मला — होय, माजच. प्रत्येक गाडीसाठी डेटाबेसने नव्याने विचार करू नये म्हणून माहिती शोधायचा प्लॅन एकदा बनवून साठवून ठेवायचा, ही माझी युक्ती. त्या प्लॅनमध्ये ठरलेलं असायचं — पहिला रकाना गाडी, दुसरा वजन, तिसरा कापसातली ओल. टेबल बदललं तर जुना प्लॅन आपोआप बाद व्हायला हवा. ती सोय मी केलीच नव्हती. कोण बदलणार होतं टेबल? मीच ना!

कापूस खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी काट्यापुढे नारळ फुटला आणि जिनिंगचे शेठ म्हणाले, कोणती गाडी कोणत्या गंजीवर, म्हणजे कापसाच्या कोणत्या ढिगावर, खाली होते तेही नोंदवा. मी वजनानंतर गंजीचा रकाना घुसवला. सिस्टीम बंद करून चालू केली असती तर जुना प्लॅन गेला असता. पण मुहूर्ताला चालू काटा बंद करत नाहीत. शेठ नाही म्हणाले — मी गप्प बसलो. धोका मला ठाऊक होता. तोंड उघडायला काय झालं होतं?

काट्यावर रेखाताई बसायच्या. ओल बारा टक्क्यांच्या आत दिसली की गाडी पास करायची, हे त्यांचं काम. दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, साऱ्याच गाड्या आठ काऊन दाखवून राह्यल्या? हाताले तर कापूस ओला लागते."

"मशीनपेक्षा तुमचा हात हुशार आहे का, ताई? पास करा."

संध्याकाळी गाड्या संपल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तो आठ ओलीचा नव्हता, गंजीचा नंबर होता; त्या दिवशी साऱ्या गाड्या आठ नंबरच्या गंजीवरच खाली झाल्या होत्या. जुना प्लॅन तिसऱ्या रकान्यातून गंजी उचलून ओल म्हणून दाखवत होता. मी सिस्टीम बंद-चालू केली. आकडे नीट आले. ओला कापूस तेव्हाच बाजूला काढता आला असता — पण सांगायचं कोणी? चूक माझी निघाली असती.

आठवड्याभरात ओलीने गंजी आतून तापली, कापूस पिवळा पडला. शेठ ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडले, "धाव्वी नापास बाई काट्यावर बसवली, ही माझीच चूक!" मी तिथेच उभा होतो. माझी आईसुद्धा दहावी नापास आहे.

"मी भाऊले इचारलं होतं," रेखाताई म्हणाल्या.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो? "मला आठवत नाही. सिस्टीम चेक करा, बरोबर आहे." आणि तेव्हा ती बरोबरच होती — मी करून ठेवली होती.

त्यांना त्याच दिवशी काढलं. काट्याच्या ऑफिसची किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली.

आता रेखाताई बोरी अरबच्या आठवडी बाजारात भाजी विकतात. परवा समोरासमोर आलो. भाऊ म्हणाल्या नाहीत. "काय पाहिजे, साहेब?" म्हणाल्या.

मी अर्धा किलो वांगी घेतली आणि निघून आलो.