आमदारांचा सभात्याग

कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला कुणी ‘सन्माननीय’ म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमदार म्हणायचे. ‘सन्माननीय वॉचमन, ही गाडी जरा पुढे घ्यायला सांगता का?’ आणि तो बापडा खरोखरच ताठ उभा राहायचा. आमदार एकदाच निवडून आले, दुसऱ्यांदा पडले, आणि मग मिरकरवाडा बंदराजवळच्या आमच्या कोळंबीच्या कंपनीने त्यांना संचालक करून घेतलं. मुंबईचे लोक त्यांना सर म्हणत. आम्ही आमदारच म्हणायचो. आमदारकी गेली, पण विधानसभा काही त्यांच्या अंगातून गेली नाही.

मी ऑफिसात होते. पत्रं टाइप करायची आणि बैठकांचं इतिवृत्त लिहायचं हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात एकजण मुलीसाठी नोकरी मागायला त्यांच्या घरी गेला. आमदारांनी सवयीने माजी आमदाराच्या लेटरहेडवर शिफारसपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी ते पत्र फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. ‘पत्र चांगलं आहे गो,’ म्हणाले, ‘पण मुलीला कॉम्प्युटर येत नाही. आमदारांना कळव, जमणार नाही.’ मी म्हटलं, ‘कळवलं समजा.’ मग मात्र हसता हसता त्यांना ठसका लागला. मुलीला त्यांनी कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, ते वेगळं.

रोज सकाळी ऑफिसात येण्याआधी ते शेडमधून चक्कर मारायचे. तिथे कोळंबी सोलणाऱ्या बाया थंडगार पाण्यात हात घालून उभ्या असायच्या. बहुतेकींचे नवरे मुंबईला, इकडचं घर त्यांच्याच हातावर. लांबच्या गावांतून त्यांना आणायला-सोडायला कंपनीची गाडी होती. आमदार तिथे भाषण करायचे नाहीत. ‘बोटं कशी आहेत?’ एवढंच विचारायचे, आणि कुणाची चिरलेली दिसली की मला हातमोज्यांसाठी पत्र टाइप करायला लावायचे.

ती गाडी बंद करायची असं मुंबईच्या दोघा संचालकांनी ठरवून आणलं. बैठकीला चौघंच. ते दोघे, त्यातले एक अध्यक्ष, इकडचे बर्फाच्या कारखान्याचे शेठ, आणि आमदार. शेठ आमदारांच्या बाजूचे. अध्यक्षांना जादा मत नव्हतं, त्यामुळे दोनास दोन मतं पडली असती तर ठराव बारगळला असता. पण मध्येच अध्यक्ष म्हणाले, ‘ही कंपनी आहे, तुमचा मतदारसंघ नाही.’ आमदार ताडकन उठले. ‘अध्यक्ष महोदय, या अन्यायाच्या निषेधार्थ मी सभात्याग करतो!’ फाइल काखेत मारली आणि गेले बाहेर. आता काय होणार ते मला कळत होतं. धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणायला हवं होतं, पण माझी मेलीची हिंमत झाली नाही.

दहा मिनिटांनी बाहेर गेले तर आमदार व्हरांड्यात चहा पीत होते. ‘काय गो, समजूत काढायला पाठवलंनी ना तुला?’ विधानसभेत म्हणे रुसून बाहेर गेलं की कुणीतरी मागून मनधरणी करायला येतं. ‘नाही आमदार,’ मी म्हटलं, ‘ठराव पास झाला. दोनास एक.’ त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला अजून कसंतरी होतं.

बायांना सांगायला ते स्वतः गेले. नोटीस लावू दिली नाही. ‘बायांनो, चूक माझी. मी रागावून बाहेर आलो आणि मागे तुमची गाडी गेली.’ मग आतल्या गावातून येणारी शेवंताकाकू म्हणाली, ‘आमदार, रागवायचं होतं तर आत बसून रागवायचं होतंत!’ बाया हसल्या. आमदार हसले नाहीत. पुढच्या महिन्यात काकूसकट सहाजणींनी काम सोडलं. आमदार प्रत्येकीच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही.

वर्षभराने तेच चौघे पुन्हा बसले. या वेळी विषय शेडच बंद करायचा, सोलायचं काम बाहेर देऊन टाकायचं. आमदार आजारी होते, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. तरी आले. मुंबईकरांनी तो विषय सरकवत सरकवत शेवटी नेला. म्हातारा दमून घरी जाईल असा त्यांचा होरा. जेवायची सुट्टी झाली, आमदारांनी पेज खुर्चीतच मागवली. अध्यक्ष त्यांना टोचून टोचून नको नको ते बोलले. शेठच चिडून उठायला लागले, तर आमदारांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. स्वतः एक शब्द बोलले नाहीत. मला इतकं भरून आलं की कागदावरचं अक्षर दिसेना. चार वाजून गेल्यावर मतं पडली. दोनास दोन. शेड राहिली.

मुंबईकर गेले, शेठही गेले. आमदार खुर्चीतच. ‘आता उठलो तर चालेल ना गो?’

‘चालेल, आमदार.’

‘मग हात दे.’

हात तापाने भाजत होता. पुढे पंधराच दिवस ते होते. त्यांना धरून मी जिना उतरवला. खाली शेडमध्ये बायांच्या मोठमोठ्याने गप्पा चालल्या होत्या, वर काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता. आमदार दारापाशी थांबले. मी म्हटलं, ‘आत जाऊन सांगू का त्यांना?’

‘नको गो,’ ते म्हणाले. ‘काम चाललंय त्यांचं. चालू दे.’