झोपून दाखवा, माप घेतो

फोम कापला की तुकडे उरतात. फेकवत नाहीत, म्हणून ते कोपऱ्यात टाकायचे. मग एक दिवस पाहावं तर कोपराच उरलेला नसतो. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच झालंय.

अकोल्याला जठारपेठेत आमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. काउंटरवर मी, कापणं-शिवणं नासिरभाईंकडे. पूर्वी लोक रंग विचारायचे. आता मागची सीट पाडून गादी, खिडक्यांना पडदे, टपावर तंबू असं सगळं विचारतात. चांगलं हॉटेल सोडून गाडीत झोपायचं म्हणतात! नासिरभाईंचं म्हणणं एकच, गादी गाडीच्या मापाची करायची नाही, माणसाच्या मापाची करायची. म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला डिक्कीत आडवं व्हायला लावतात. आणि तिथूनच सगळं सुरू होतं.

*

अमरावतीचे एक प्राध्यापक बायकोला घेऊन आले. हवेची गादी की फोमची, यावर मोबाइलवर सगळं वाचून आले होते. झोपले, माप दिलं. नासिरभाई मॅडमकडे वळले. "आता तुम्ही."

"मी कशाला? मी नाही जात."

प्राध्यापक ताडकन उठले आणि डोकं टपाला आपटलं. "अगं, मेळघाटचं ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय. मले कोणी विचारलं?"

सर पाय लोंबकळत सोडून तसेच डिक्कीत बसून राहिले. शेवटी नासिरभाईंनीच विचारलं, "मग सर, सिंगल करू?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "सिंगलच करा. अन् जाड करा. त्यांची पाठ दुखते."

*

पातूरकडचा एक शेतकरी नवी व्हॅन आणि म्हातारे वडील, दोघांना घेऊन आला. म्हातारे आबा नमुन्याच्या गादीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. माप झालं तरी उघडेनात.

मुलानं हाक मारली. हलवलं. काही नाही. नासिरभाई तळवे चोळायला लागले. मी पाणी आणलं, ते अर्धं माझ्याच पदरावर सांडलं. शेजारचे मेडिकलवाले धावत आले. मुलगा रडायच्या बेतात. मी उरलेलं पाणी आबांच्या तोंडावर मारलं.

आबांनी एक डोळा उघडला. "काहून भिजोलं बे मले? घरी नातवंडं झोपू देत नाईत, इथं तुमी."

मुलगा पायरीवर मटकन बसला. आबा मात्र गादी चाचपत होते. "चांगली हाय. घरी नेता येते काय?"

"आबा, ती गाडीची आहे."

"मंग गाडी घरापाशी लाव."

ती व्हॅन अजून कुठेही गेलेली नाही. दुपारभर आबा तिच्यात असतात.

*

एका दाताच्या डॉक्टरांनी टपावरचा तंबू बसवून घेतला. नीट उघडतो का पाहायला दुकानासमोरच उघडला, शिडी खाली सोडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विचारलं, की नासिरभाई सांगत होते, "कॅम्पिंग का है."

थोड्या वेळानं मी बाहेर पाहिलं तर रांग लागलेली. एक म्हातारी शिडीच्या दोन पायऱ्या चढून बसली होती. "कॅम्प कवा सुरू होते? शुगर फुकट पाहता ना?"

डॉक्टर सांगून थकले. त्यात त्यांच्या बायकोनं "अहो, हे खरंच डॉक्टर आहेत" म्हणून घोळ घातला. मग काय, त्या माणसानं खरंच शिडीपाशी उभं राहून एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. म्हातारीला एकही दात नव्हता.

*

मेळघाटातल्या सेमाडोहहून परतलेला एक जण नुसती उशी घ्यायला आला.

"पहिली हरवली का?"

"नाही ताई. कुठे आहे ते माहीत आहे. सागाच्या झाडावर."

सकाळी डिक्की उघडी टाकून तो तोंड धुवायला गेला होता. वानरीण उशी घेऊन वर. हा खाली गेस्टहाऊसच्या आवारात मान वर करून उभा.

"दगड मारायचा ना," मी म्हटलं.

"कसा मारणार? तिनं पोरगं निजवलं होतं तिच्यावर."

*

आणि सुमनबाई. शेतीवाल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. जीप स्वतः चालवत आल्या. दोघांची गादी सांगितली, आणि एका बाजूला रुंद पट्टा.

"पट्टा कशाले?" नासिरभाईंनी विचारलं.

"आमचे मालक पडतील ना. लकवा झाला त्यायले. उजवं अंग पुरं गेलं. वर्ष झालं, छत पाहून राहिले. म्हटलं, दुसरं काही दाखवावं."

मालक पुढच्या सीटवर होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. नासिरभाईंनी माप घेतलं ते त्यांना न हलवता. पट्टा आतून मऊ कापडानं शिवला.

दिवाळीनंतर सुमनबाई परत आल्या. एकट्याच आत आल्या. म्हणाल्या, "त्यायच्या बाजूचा पट्टा काढून टाका."

नासिरभाईंनी कात्री खाली ठेवली. मी काउंटरमागून बाहेर येऊन त्यांचा हात धरला. "कधी झालं, मावशी?"

"काय झालं?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "ते गाडीत बसले हायेत. पट्टा माह्या बाजूले लावून द्या. चिखलदऱ्याले सकाळी डोळा उघडला तं मी खाली. लोटून देल्लं मले."

आम्ही दोघंही दारात गेलो. मालक पुढच्याच सीटवर होते, काचेतून आमच्याकडे पाहत.

"कोनत्या हातानं लोटलं?" नासिरभाईंनी विचारलं.

"त्याच."